पहिलाच प्रयोग शेवटचा

छत्रपती संभाजीनगरचा नाट्यहंगाम नुसता मोजायला घेतला तर कोणालाही हेवा वाटावा. दिवाळी सरली की राज्य नाट्य स्पर्धेची गडबड, पाठोपाठ महाविद्यालयीन एकांकिका, कमलाकर सोनटक्के यांनी उभारलेल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले विद्यार्थ्यांचे प्रयोग, एकनाथ रंगमंदिरात आणि तापडिया नाट्यमंदिरात मुंबई-पुण्याहून येणारी व्यावसायिक नाटके, एप्रिलमध्ये आंबेडकरी जलसे, आणि खेड्यापाड्यांतल्या सप्ताहांत भारुडे. दुष्काळापासून जातीपर्यंत विषयांची उणीव नाही आणि घाटापासून विंगेपर्यंत सगळे जाणणारी पोरेही कमी नाहीत. तरीही मराठवाड्याचे नाटक जोमात आहे असे म्हणायला जीभ रेटत नाही. इथे नाटके पुष्कळ जन्मतात, पण टिकत नाहीत. हौशी रंगभूमीवरल्या बहुतेक नाटकांचा पहिला प्रयोग हाच शेवटचा ठरतो.

याचे मूळ स्पर्धेच्या रचनेत आहे. १९५४ पासून चाललेल्या राज्य नाट्य स्पर्धेचे उपकार कोणी नाकारू नयेत. ती नसती तर जिल्ह्याजिल्ह्यांतले कितीतरी रंगमंच ओस पडले असते. पण त्या रचनेत संघाला केंद्रावर एक तारीख मिळते. दोन-दोन महिने नोकऱ्या सांभाळून रात्री तालमी करायच्या, वर्गणी काढून सेट बांधायचा, आणि पडदा पडला की निकालाची वाट पाहायची. पहिला आलेला संघ अंतिम फेरीला जातो. बाकीच्यांचा सेट सुटा होऊन कोणाच्या तरी गच्चीवर पडतो. याचा परिणाम लिखाणावरही होतो. एकाच रात्रीत परीक्षकांवर छाप पाडायची असल्यामुळे प्रकाशयोजनेचा चमत्कार, किंचाळणारा शेवट आणि प्रतीकांची गर्दी यांकडे लेखक-दिग्दर्शक ओढले जातात. संवाद कुठे लांबला, प्रेक्षक कुठे चुळबुळला, कोणत्या जागी अनपेक्षित हशा आला, हे पुढच्या प्रयोगात सुधारायचे असते. पुढचा प्रयोगच नसेल तर ही दुरुस्ती करायची कधी?

याच मातीत अगदी उलट परंपरा शतकानुशतके चालत आली आहे, आणि तिची एक वाट दौलताबादेतून जाते. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्याकडे एकनाथांचे शिक्षण झाले. स्वामींची समाधी आजही गडावर आहे. जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या अशी रस्त्यावरची माणसे नाथांनी भारुडात बोलती केली. भारुडाची संहिता ठरलेली असते, पण निरूपण रोज नवे असते. समोर बसलेल्या गावाचा कल पाहून भारूडकार मधेच थांबतो, टाळकऱ्याला प्रश्न टाकतो, दारूवर नाहीतर निवडणुकीवर दोन वाक्ये बोलतो आणि पुन्हा पदावर येतो. सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे यांनी ‘बुरगुंडा’ हे भारूड असेच गावोगाव नेले. ही हातोटी शिबिरात शिकवून येत नाही. तेच पद शंभर वेगवेगळ्या जमावांपुढे केल्यावरच ती अंगात मुरते.

आधुनिक नाटकातही पुरावा हेच सांगतो. लक्ष्मण देशपांडे विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. त्यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ १९७९ पासून जगभर फिरले. एकटा नट, बावन्न पात्रे, आणि नेपथ्याचा भार नाही. म्हणून ते शाळेच्या पटांगणातही उभे राहू शकले, आणि फिरत फिरतच घडत गेले. जालना जिल्ह्यातल्या राजकुमार तांगडे यांचे, नंदू माधव दिग्दर्शित ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ मध्ये आले. राजांचा जिरेटोप घेऊन यम पृथ्वीवर हिंडतो आणि तो कोणाच्या डोक्यात बसतो ते पाहतो, ही त्यातली कल्पना. संभाजी भगत यांची शाहिरी आणि जालन्याकडच्या पोरांची अस्सल बोली घेऊन या नाटकाने शेकडो प्रयोग केले. ती बोली मुंबईच्या प्रेक्षकालाही परकी वाटली नाही, कारण सततच्या प्रयोगांनी नटांचा वेळेवरचा ताबा पक्का झाला होता.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की गुणी माणसे मुंबईला जाऊन मोठी होतातच, मग तक्रार कशाची? प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी यांची ‘जिगीषा’ याच शहरात उभी राहिली आणि ‘चारचौघी’सारखे नाटक मराठी रंगभूमीला मिळाले, हे खरेच आहे. त्याचा अभिमानही वाटतो. पण जो जातो त्याला तिथल्या घरांविषयी, तिथल्या प्रेक्षकासाठी लिहावे लागते. मागे राहिलेल्या गावाचे नाटक लिहायला कोणी तरी मागे राहावे लागते, आणि राहणाऱ्याला प्रयोग मिळाले नाहीत तर तो तालमीचा नाद सोडून देतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हौशी नाटकाला प्रेक्षक नाही, पैसा नाही, आणि सभागृहाचे भाडे परवडत नाही. तिकीट काढून व्यावसायिक नाटकाला येणारे लोक याच शहरात आहेत. मात्र हौशी नाटकाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचते तेव्हा ते होऊन गेलेले असते. भाड्याचे म्हणावे तर एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद होते तेव्हा नाट्यगृहावर विसंबण्याची किंमत सगळ्यांनीच मोजली. दौलताबाद, खुलताबाद, पैठण, वैजापूर इथे देवळाचा सभामंडप आहे, शाळा आहे, जत्रा आहे. दिवसा गड पाहायला माणसांची रीघ लागते त्या दौलताबादेत संध्याकाळी एखादे नाटक का होऊ नये? त्यासाठी टेम्पोत मावेल एवढेच नेपथ्य आणि दोन दिव्यांवर उभी राहील अशी संहिता लिहावी लागेल, आणि हे बंधन लेखकाच्या भल्याचेच आहे.

सुरुवात पारितोषिकांपासून करता येईल. केंद्रावर निवडलेल्या नाटकाला निम्मी रक्कम निकालाच्या दिवशी द्यावी, आणि उरलेली जिल्ह्यातल्या दहा गावांत दहा प्रयोग झाल्यावर. परीक्षकांपैकी एकाने तरी तो दहावा प्रयोग पाहावा आणि पहिल्याशी ताडून त्यावर लिहावे.