ठेक्याविना गाणं: ढावलोचं आजचं चित्र

वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारत चार मजली, आकार नगाऱ्याचा. बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांच्या समाधीस्थानी हा आकार शोभून दिसतो. नगारा आणि काशाच्या थाळीवर इथलं भजन उभं राहतं, होळीची लेंगी डफावर रंगते. पण गोरमाटी, म्हणजे बंजारा, संगीतातला सगळ्यात अवघड आणि धीट प्रकार एकही वाद्य न घेता गायला जातो, आणि त्याच्या पडझडीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तो म्हणजे लग्नातला ढावलो.

सासरी निघालेली नवलेरी, म्हणजे नवरी, आईच्या, भावाच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. चाल ठरलेली, ओळींचे साचेही ठरलेले. थोरल्या बायका लग्नाआधी ते मुलीकडून घोटून घेत. शब्द मात्र समोर कोण आहे ते पाहून तिथल्या तिथे जुळवायचे. याडीला, म्हणजे आईला, जे म्हणायचं ते भावाला नाही. सुरुवातीला वरच्या सुरात लांब हाक, मग एका दमात शब्दांची दाटी करत सूर खाली येतो आणि शेवटचं अक्षर हुंदक्यात विरतं. तो हुंदका पुरता संपायच्या आत आई उचलते, तिच्या पाठोपाठ मैत्रीण. ठेका नसल्यामुळे ओळ किती लांबवायची हे श्वास ठरवतो, आणि दुसरीचा श्वास कुठे तुटणार हे कानानंच ओळखावं लागतं. पूर्वी निघताना बैलाच्या पाठीवर उभं राहून, दोन्ही हात उंचावून म्हणायची ‘हवेली’ही याच कुळातली. तिच्यात मुलगी मागे राहणाऱ्या तांड्याचं, म्हणजे आपल्या वस्तीचं, भलं चिंतते.

ठेका काढून घेतला की एकमेकांचं ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं, हे जाझवाल्यांनाही उमगलं होतं. १९६१ साली अमेरिकेत जिमी जुफ्रीनं आपलं क्लॅरिनेट, पॉल ब्लेचा पियानो आणि स्टीव्ह स्वॉलोचा बास एवढ्यावर त्रयी बांधली. ड्रम नाही. लिहिलेली रचना कुठे संपते आणि मोकळं वादन कुठे सुरू होतं, ते त्यांच्या ध्वनिमुद्रणांत चटकन कळत नाही. श्रोते मिळेनात म्हणून १९६२ मध्ये ती त्रयी मोडली. १९६१ च्या तबकड्या १९९२ मध्ये पुन्हा निघाल्या आणि नव्या कानांपर्यंत पोचल्या. जुफ्रीची ध्वनिमुद्रणं तरी शिल्लक होती. मानोरा-मंगरूळपीरकडच्या एखाद्या तांड्यातली म्हातारी गेली, की तिच्याबरोबर तिची सगळी जुळवणीच जाते.

कारणं उघड आहेत. अनेक दिवस चालणारं लग्न मंगल कार्यालयात एका दिवसावर आलं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात मुलीला शिकवायला सवड कुणाला? शिकलेल्या मुलींना चारचौघांत असं रडणं नको वाटतं, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही. कोवळ्या वयात घरापासून तुटणाऱ्या मुलीचं दुःख या गाण्याच्या मुळाशी आहे. ते दुःख कमी झालं तर आनंदच आहे. पण त्या दुःखातून बायकांनी कमावलेली कारागिरी त्याबरोबर टाकून द्यायला नको.

जतनाच्या नावाखाली जे चाललंय त्याची मला जास्त चिंता वाटते. मोबाइलवर फिरणाऱ्या ढावलोंत अनेकदा कीबोर्ड आणि ठेका खाली घातलेला असतो. मग ओळी सारख्या मापाच्या होतात, हुंदका समेवर येतो आणि एकच पाठ सगळीकडे पसरतो. स्पर्धांच्या मंचावर एकटी मुलगी माइकसमोर उभी राहते. गळ्यात पडायला समोर कुणीच नसतं. गोरबोलीला, म्हणजे बंजारा भाषेला, स्वतःची रूढ लिपी नाही. देवनागरीत शब्द उतरवले तरी श्वास कुठे घेतला ते कागदावर येत नाही.

पोहरादेवीच्या संग्रहालयात एक दालन यासाठी राखावं. तिथे मुलगी, आई आणि मैत्रीण अशा तिघींना एकत्र बसवून ध्वनिमुद्रण करावं, ठेका न लावता. एकाच बाईचा ढावलो आईसाठी, भावासाठी, मैत्रिणीसाठी असा वेगवेगळा घ्यावा आणि सगळे पाठ ठेवावेत, कुठलाही प्रमाण न ठरवता. हे काम गोरबोली बोलणाऱ्या मुलींच्या हाती द्यावं, आणि आत्ताच. ज्यांनी बैलाच्या पाठीवरून हवेली म्हटली त्या आज आज्या-पणज्या आहेत.