एम.एड.चा लघुप्रबंध आणि ‘परिणामकारकता’ नावाची सवय

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये आम्हाला एक काम दिलं होतं. पूर्ण झालेलं कोणतंही एक शैक्षणिक संशोधन घ्यायचं आणि त्याची चिकित्सा लिहायची. वर्गातल्या बहुतेकांनी शोधगंगेवरून कुणाचा तरी प्रबंध उतरवून घेतला. मी आळस केला. घरी कपाटात काळ्या बाइंडिंगचा, सोनेरी अक्षरांचा माझाच एम.एड.चा लघुप्रबंध पडून होता, तोच काढला. दुसऱ्याच्या कामावर टीका करण्यापेक्षा हे सोपं जाईल, आणि कुणाला रागही येणार नाही, असं वाटलं होतं. सोपं गेलं नाही. आणि राग मलाच आला.

शीर्षक असं: ‘इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांमध्ये नकाशावाचन कौशल्य विकसित करण्यासाठी कृतिकार्यक्रमाची निर्मिती व त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास’. तुमच्यापैकी ज्यांनी एम.एड. केलंय त्यांना हे शीर्षक ओळखीचं वाटेल. इयत्ता बदला, विषय बदला, ‘कृतिकार्यक्रम’च्या जागी ‘संगणक सहाय्यित अनुदेशन’ किंवा ‘सहकारी अध्ययन’ टाका, बाकी सांगाडा तोच. ग्रंथालयातल्या लघुप्रबंधांच्या रॅकसमोर उभं राहून नुसते कणे वाचत गेलं तरी हे लक्षात येतं.

विषय ठरला कसा, तेही आठवतं. मॅडमनी विचारलं, “तुम्ही शाळेत काय शिकवता?” मी म्हटलं, “भूगोल.” “मग भूगोलातला एखादा घटक घ्या. कार्यक्रम तयार करा, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी घ्या, वेळेत होईल.” पाच मिनिटांत विषय मिळाला. मॅडमना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे आमच्यासारखे बरेच जण होते, वर इंटर्नशिप, तासिका आणि महाविद्यालयाची कागदपत्रं. ‘वेळेत होईल’ हा त्यांचा अनुभव होता आणि तो खराही ठरला. माझं काम वेळेत झालं. पण विषय निवडीच्या प्रकरणात मी लिहिलं की ‘अध्यापन करताना संशोधिकेला असे जाणवले की...’. संशोधिकेला तसं काही जाणवलं नव्हतं. समस्या नंतर शोधली, उपाय आधी ठरला होता.

आता आकड्यांकडे येऊ. हा भाग नीट समजून घ्या, कारण पुढे मुलाखतीत किंवा सारांश सादर करताना इथेच पाय घसरतो. हिशोबाला सोपे पडतील असे आकडे धरते. समजा, ३० विद्यार्थी आहेत, चाचणी २५ गुणांची. पूर्वचाचणीची सरासरी ९.२, उत्तरचाचणीची १५.६. फरक ६.४. प्रत्येक मुलाच्या फरकांचं प्रमाण विचलन ४ धरलं तर त्याला ३०च्या वर्गमुळाने भागायचं, म्हणजे ०.७३ ही प्रमाण त्रुटी. ६.४ भागिले ०.७३, म्हणजे ‘टी’ मूल्य सुमारे ८.७६. स्वाधीनता मात्रा २९ असताना ०.०१ स्तरावर कोष्टकातलं मूल्य २.७६. आपलं मूल्य त्याच्या तिप्पट! शून्य परिकल्पनेचा त्याग, कार्यक्रम परिणामकारक, आलेखाचे रंगीत स्तंभ, प्रकरण चार समाप्त.

पण ती शून्य परिकल्पना काय म्हणत होती ते साध्या मराठीत लिहून बघा. ‘बारा तासिका नकाशा शिकवल्यावरही मुलांच्या नकाशाच्या चाचणीतल्या गुणांत काही फरक पडणार नाही.’ असं मानणारा माणूस महाराष्ट्रात कुठे सापडेल? ज्या दाव्यावर कुणाचाच विश्वास नाही तो खोडून काढण्यासाठी मी सव्वाशे पानं लिहिली. शिकवलं की मुलं थोडंफार शिकतात, हा माझा निष्कर्ष. तो कोणत्याही आजीने फुकट सांगितला असता.

डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९६३ मध्ये प्रायोगिक अभिकल्पांवर एक दीर्घ प्रकरण लिहिलं. त्यात एकल गट पूर्वचाचणी-उत्तरचाचणी ही रचना त्यांनी ‘पूर्व-प्रायोगिक’ वर्गात टाकली, म्हणजे खरा प्रयोग म्हणवून घेण्याच्या आधीची पायरी. तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा सोडवण्याचा सराव, मधल्या काळात घडलेल्या इतर गोष्टी, मुलांची नैसर्गिक वाढ, अशी त्यांनी दाखवलेली प्रत्येक पळवाट माझ्या लघुप्रबंधात उघडी आहे. मी मुद्दाम कच्ची मुलं निवडली असती तर आणखी एक भर पडली असती: पहिल्या चाचणीत फार कमी गुण मिळालेली मुलं दुसऱ्या वेळी काहीही न करता सरासरीकडे सरकतात. गंमत म्हणजे ही सगळी यादी मला तेव्हाही पाठ होती. दहा गुणांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी ती लिहिलीही होती, आणि त्याच महिन्यात तीच रचना माझ्या अभ्यासासाठी निवडली. परीक्षेचं संशोधन आणि करायचं संशोधन ही माझ्या डोक्यात दोन वेगळी खाती होती.

दोन गट घेतले की प्रश्न सुटतो, असं अनेकांना वाटतं. आठवी ‘अ’ प्रायोगिक, आठवी ‘ब’ नियंत्रित, चिठ्ठी टाकून ठरवलं म्हणून यादृच्छिक. पण चिठ्ठी मुलांची नव्हे, तुकड्यांची पडली. ‘अ’ची तासिका सकाळी आणि ‘ब’ची जेवणाच्या सुट्टीनंतर असेल, ‘अ’मध्ये हुशार मुलं भरण्याची शाळेची पद्धत असेल, तर तो सगळा फरक तुमच्या कार्यक्रमाच्या नावावर जमा होतो. साठ मुलांचे गुण असले तरी या तुलनेत खरी एककं दोनच आहेत: दोन तुकड्या.

आणि ती ‘पारंपरिक पद्धत’! कार्यक्रमाच्या वर्णनाला चाळीस पानं, आणि ज्याच्याशी तुलना करायची त्या पद्धतीला एक ओळ: ‘नियंत्रित गटास पारंपरिक पद्धतीने शिकवण्यात आले.’ म्हणजे कसं? फळा होता का? नकाशा टांगला होता का? शिक्षकांनी प्रश्न विचारले का? आपल्या लघुप्रबंधांमध्ये पारंपरिक पद्धत हे एक बुजगावणं आहे. ते दरवर्षी उभं करायचं आणि दरवर्षी पाडायचं. (आणि आपली पद्धत इतकी चांगली आहे असं खरंच वाटत असेल, तर उत्तरचाचणीनंतर ‘ब’च्या मुलांना ती कधी मिळते? मी तरी कुठे वाचलेलं नाही.)

संबंधित साहित्याच्या आढाव्याबद्दल थोडक्यात. माझ्या दुसऱ्या प्रकरणात वीस संशोधनं एकाखाली एक मांडली आहेत: नाव, वर्ष, शीर्षक, उद्दिष्टे, पद्धती, निष्कर्ष. एकाचा दुसऱ्याशी संवाद नाही. हा साचा आला कुठून? माझा अंदाज असा की मोठा वाटा बडोद्याच्या एम. बी. बुच यांच्या संशोधन-सर्वेक्षणांचा आहे. १९७४ मध्ये पहिलं सर्वेक्षण आलं. देशभरातल्या प्रबंधांचे गोषवारे एका ठिकाणी मिळणं ही तेव्हा मोठीच सोय होती. पण ते खंड सूची म्हणून वापरायचे, त्यातून मूळ प्रबंधापर्यंत पोचायचं. आपण सूचीलाच आढावा समजून बसलो. आज शोधगंगेवर पूर्ण प्रबंध वाचता येतात, तरी आपण त्यांचा गोषवाराच उतरवतो. एम.एड.चे लघुप्रबंध मात्र तिथे जात नाहीत. ते महाविद्यालयाच्या कपाटात राहतात. त्यामुळे नकाशावाचनावर माझ्याआधी शेजारच्या जिल्ह्यात कुणी हेच केलं का, ते मला कळलं नाही आणि माझ्यानंतरच्याला माझं कळणार नाही.

मराठीतल्या पाठ्यपुस्तकांवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. भिंताडे, बापट, मुळे-उमाठे यांच्या पुस्तकांनी आपल्याला मराठीतून संशोधनाबद्दल बोलायला शब्द दिले, ही लहान गोष्ट नाही. गृहीतक आणि परिकल्पना यांतला फरक आजही अर्ध्या वर्गाला सांगता येत नाही, तो पुस्तकांचा दोष नव्हे. अडचण आहे ती आपण तीच प्रकरणं किती वेळा आणि कशासाठी वाचतो याची. बी.एड.ला कृतिसंशोधनाच्या निमित्ताने एकदा. एम.एड.ला पेपर म्हणून दुसऱ्यांदा. पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेसाठी तिसऱ्यांदा, कारण तिचा निम्मा भाग संशोधन पद्धतीवर असतो. आणि प्रवेश मिळाल्यावर २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे किमान १२ श्रेयांकांच्या कोर्सवर्कमध्ये चौथ्यांदा. चार वेळा ‘न्यादर्शनाच्या पद्धती’ वाचून झाल्या, पण एकदाही कुणी म्हटलं नाही की चला, हा लघुप्रबंध घेऊ आणि तो कुठे फसलाय ते बघू. आम्हाला ते काम मिळालं ते चौथ्या फेरीत.

पदवीच्या कालावधीवर दोष ढकलणारेही बरेच आहेत. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनी एम.एड. दोन वर्षांचं झालं. २०२५ मध्ये आलेल्या मसुद्यात पुन्हा एक वर्षाच्या एम.एड.चा प्रस्ताव आहे. माझं मत असं की मुदतीने फार फरक पडत नाही. मी एक वर्षाच्या काळातले आणि दोन वर्षांच्या काळातले, दोन्ही लघुप्रबंध चाळलेत. जास्तीच्या वर्षाने परिशिष्टं जाड झालीत, प्रश्न नाही.

तरीही एम.एड. करू नका असं मी म्हणणार नाही. शिक्षणाच्या समाजशास्त्राचा पेपर नसता तर मी आज इथे नसते. जे. पी. नाईक यांचं समता, गुणवत्ता आणि संख्या या तिढ्यावरचं पुस्तक मी त्याच पेपरसाठी वाचलं, आणि शाळेच्या हजेरीपटाकडे बघण्याची नजर बदलली. जात, लिंग, स्थलांतर, घरची भाषा या सगळ्यावर वर्गात तावातावाने बोललो. मग पुढच्या तासिकेला लघुप्रबंधाचं काम सुरू झालं की तीच मुलं ‘न्यादर्श’ व्हायची. एका पेपरातलं दुसऱ्या पेपरात न्यायची मुभा आहे हेच आम्हाला कळलं नव्हतं. अभ्यासक्रम चांगला आणि लघुप्रबंध वाईट, असं हे विचित्र कुटुंब आहे.

दोन गोष्टींनी मला सगळ्यात जास्त त्रास झाला. पूर्वचाचणीनंतर मी गुण तक्त्यात भरले आणि उत्तरपत्रिका रद्दीत घातल्या. एका मुलाला नकाशातली उत्तर दिशा बरोबर सापडली होती. वर्गात खरी उत्तर दिशा दाखव म्हटल्यावर त्याने छताकडे बोट केलं. सगळे हसले, मीही हसले. नकाशात उत्तर ‘वर’ असते, मग ती वरच असणार! मुलं कागद आणि जमीन यांची सांगड कशी घालतात, हा किती चांगला प्रश्न होता. त्याला टी-चाचणी लागली नसती. दहा मुलांशी नीट बोलावं लागलं असतं आणि त्यांच्या चुका जपून ठेवाव्या लागल्या असत्या.

दुसरी गोष्ट पान ६१ वर आहे. ‘उत्तरचाचणीस अनुपस्थित असलेल्या चार विद्यार्थ्यांचे प्राप्तांक विश्लेषणातून वगळण्यात आले.’ एवढंच. कॅम्पबेल-स्टॅन्लींच्या यादीत प्रयोगातून सहभागी कमी होणं हाही एक धोका आहे. मराठीत आपण त्याला गळती म्हणतो. चिकित्सा लिहिताना त्या शब्दापाशी मी थांबले. पूर्वचाचणी दिवाळीच्या आधी झाली होती, उत्तरचाचणी नोव्हेंबरच्या अखेरीस. त्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. हे मला माहीत होतं, गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी माझ्या लघुप्रबंधात ‘ऊस’ हा शब्द एकदाही आलेला नाही.

मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांना ती नावं लगेच आठवली. म्हणाले, “मॅडम, त्यातली दोघं उन्हाळ्यात परत आली, नववीला बसवलं त्यांना. एक पोरगी हंगामी वसतिगृहात राहिली असती, पण धाकटं भावंड सांभाळायला घरच्यांनी बरोबर नेली. चौथ्याचं बघून सांगतो.” त्या वर्षाचं हजेरीपत्रक अजून शाळेत आहे, येऊन बघा, असंही म्हणाले. पुढच्या आठवड्यात जाणार आहे. चिकित्सेत मी सांख्यिकीवर आठ पानं लिहिली होती. ती दोनवर आणली आणि उरलेली जागा पान ६१ वरच्या त्या एका वाक्याला दिली.