‘मोबी डिक’ व घारापुरीचा मत्स्य

हर्मन मेल्व्हिलच्या ‘मोबी डिक’ (१८५१) या कादंबरींतील पांढरा देवमासा म्हणजे मूर्तिमंत पाप, असा पुष्कळांचा समज आहे. आमच्या मतें हा अर्थ ग्रंथकाराचा नसून, त्या माशानें पाय तोडलेल्या आहाब कप्तानाचा आहे. वेदोद्धारक मत्स्यावतार देवमासाच होता, असें ग्रंथकार ८२ व्या प्रकरणांत म्हणतो. तेथें तो तारक आहे. त्या अवताराचें शिल्प घारापुरीस असल्याचें ५५ व्या प्रकरणांत लिहिलें आहे, तें मात्र चूक. तें लेणें शैव. तेथें मत्स्यमूर्ति नाहीं. देवमाशाचीं प्रचलित चित्रें बहुधा खोटीं, हाच त्या प्रकरणाचा विषय; त्याचा एक दाखला ग्रंथकारानेंच पुरविला! आहाबासही माशाच्या ठायीं स्वतःचा द्वेषच दिसला. मूळ वस्तु पाहिल्यावांचून अर्थ लावूं नये, हें संशोधकांनीं ध्यानांत ठेवावें.