वही सर्वांची, मालकी कोणाची?

पूर्व आफ्रिकेतून युरोपला शीतपेटीतून माल पाठवायचा, तर सुमारे 30 व्यक्ती व संस्थांचे हात लागतात आणि त्यांच्यात 200 हून अधिक वेळा निरोप व कागद फिरतात, असे मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला 2014 मध्ये आढळले. यावर उपाय म्हणून मर्स्क व आयबीएम यांनी 2018 मध्ये ‘ट्रेडलेन्स’ ही ब्लॉकचेनवर आधारलेली सामायिक व्यवस्था उभी केली. नोव्हेंबर 2022 मध्ये ती बंद करण्याचे जाहीर झाले. मग चुकले ते तंत्र की त्याविषयीची अपेक्षा?

तंत्र समजायला जमाखर्चाची वही पुरे. पानाच्या तळाची बेरीज आपण पुढच्या पानावर ओढतो. मागचा आकडा कोणी बदलला, तर पुढची सारी पाने जुळेनाशी होतात. ब्लॉकचेनमध्ये बेरजेच्या जागी, आधीच्या संपूर्ण पानावरून गणिताने काढलेला ठसा असतो. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. शिवाय वहीच्या प्रती अनेकांकडे असल्याने गुपचूप खाडाखोड करणे फार अवघड होते.

येथवर सारे ठीक. परंतु ‘आता परस्परविश्वासाची गरजच नाही’ हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. पेटीतली फुले कोमेजलेली असताना कोणी ‘ताजी’ असे लिहिले, तर ब्लॉकचेन ती खोटी नोंदही तितक्याच निष्ठेने जपेल. नोंद न बदलणे वेगळे आणि ती खरी असणे वेगळे.

दुसरा प्रश्न मालकीचा. 2019 मध्ये एमएससी, सीएमए सीजीएम यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी सामील होण्याचे जाहीर केले खरे, पण वही मांडणारा त्यांचाच स्पर्धक होता. जगभरच्या साऱ्या व्यवसायाचे पुरेसे सहकार्य लाभले नाही, हे बंद करताना मर्स्कनेच मान्य केले.

याच व्यवसायातला जुना दाखला आम्हाला अधिक बोलका वाटतो. कंटेनर जगभर पसरला, तो केवळ पेटी मजबूत होती म्हणून नव्हे. मॅल्कम मॅकलीन यांच्या कंपनीने 1963 मध्ये पेटीच्या कोपऱ्यांच्या जोडणीवरील पेटंटचे हक्क सोडले आणि त्याच दशकात पेट्यांची मापे आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून ठरली. मापे कोणा एकाची राहिली नाहीत, म्हणून ती सर्वांची झाली.

वर्गात ब्लॉकचेन शिकवताना ठशाचे गणित अवश्य सांगावे. त्याबरोबरच मुलांना दोन प्रश्न विचारायला लावावेत: पहिली नोंद कोणी तपासली? आणि वहीचे नियम कोणी ठरवले? या प्रश्नांची उत्तरे गणितात सापडत नाहीत, ती माणसांनी एकत्र बसून ठरवावी लागतात.