'मिरास' शब्दाचा अर्थ : एक चिकित्सा

मराठी दप्तरांत 'मिरास' हा शब्द पावलोपावलीं आढळतो, आणि छापील कागदांच्या अखेरीस जोडलेल्या शब्दसूचींत त्याचा अर्थ बहुधा 'वडिलोपार्जित मालमत्ता' असा एका ओळींत दिलेला असतो. हा अर्थ व्युत्पत्तीस धरून आहे. कागदास धरून नाहीं, असें आमचें मत आहे. या एका ओळीपायीं खरे कागद संशयित ठरतात, म्हणून हा विचार करणें प्राप्त झालें.

व्युत्पत्तीविषयीं वाद नाहीं. माधवराव पटवर्धनांचा फारशी-मराठी कोश १९२५ सालीं निघाल्यापासून असल्या शब्दांचा माग काढणें सुकर झालें आहे. ज्या अरबी धातूपासून 'वारिस' झाला, त्यापासूनच 'मीरास'. आपले 'वारस' आणि 'मिरास' हे शब्द म्हणजे एकाच आईचीं लेकरें. फारशीच्या वाटेनें तीं दख्खनेंत आलीं. मूळ शास्त्रांत मीरास म्हणजे मृतानें मागें ठेवलेलें धन. धनी जिवंत आहे तोंवर तिचा प्रश्नच उद्भवत नाहीं. म्हणजे या शब्दाची दृष्टि मागें, पूर्वजाकडे आहे. पंजाबाकडे वंशावळ्या मुखोद्गत ठेवणाऱ्या जातीस 'मिरासी' म्हणतात, तेथेंही ओढ मागीलच पिढ्यांकडे.

आतां मराठी मिरासपत्र उलगडून पहावें. पुष्कळ मिरासपत्रें खरेदीचीं असतात. पैका मोजून, पाटील व गोत यांच्या साक्षीनें एक कुणबी दुसऱ्याचें थळ घेतो, आणि ज्या जमिनीशीं त्याच्या बापाचा कांहींएक संबंध नव्हता ती त्या दिवसापासून त्याची मिरास होते. येथें कोणी म्हणेल कीं, विकणाऱ्याची ती वडिलोपार्जित होती, तेंच नांव घेणाऱ्याकडे चालत आलें. ठीक आहे. पण गतकुळाचें काय? ज्या घराण्याचा वंशच खुंटला त्याची जमीन ती गतकुळ. तेथें विकणारा उरला नाहीं आणि वारसही उरला नाहीं. तरी अशी जमीन गांवानें नव्या कुळास दिली म्हणजे कागद होतो तो मिरासपत्राचाच. 'वडिलोपार्जित' हा अर्थ धरून बसल्यास हा कागद वदतोव्याघात ठरतो.

तो तसा ठरत नाहीं, याचें कारण कागदाच्या शेवटीं आहे. 'लेकराचे लेकरीं', 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें', किंवा फारशी वळणाचें 'अवलाद अफलाद' हे शब्द सारे पुढें पाहणारे आहेत. ('अफलाद' हा 'अहफाद' म्हणजे नातवंडें याचा मराठी अपभ्रंश, 'अवलाद'शीं यमक जुळावें म्हणून जिभेनें तो घडविला असावा.) आमचें म्हणणें एवढेंच : मराठी मिरास म्हणजे पूर्वजांकडून आलेलें नव्हे, तर वंशजांकडे जाणार तें. आलें असेल तर उत्तमच. परंतु येणें हें तिचें लक्षण नाहीं, जाणें हें लक्षण आहे. उपरी आणि मिरासदार यांतील भेदही हाच. उपऱ्याचा बापही तेंच शेत कसत असेल, तरी त्याच्या मुलाला हक्क नाहीं; मिरासदार दुष्काळांत परागंदा झाला तरी परतून आपलें थळ मागूं शके. या हक्काचें मोल म्हणून सरकारही दर तिसऱ्या वर्षीं मिरासपट्टी उगवी. तुकोबांच्या अभंगांतही शेत मिरासीचें असलें म्हणून आपोआप पिकत नाहीं, अशा आशयाचा दृष्टान्त आहे. तेथेंही जोर वडिलांवर नसून हक्काच्या पक्केपणावर आहे.

एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालापासून इंग्रज अंमलदार मिरासदार हा जमिनीचा धनी कीं नुसता कायमचा कूळ, या वादांत गुंतले. विल्सनच्या १८५५ च्या कोशानें त्यांचे शब्द एकत्र केले, आणि आमच्या शब्दसूची बऱ्याच अंशीं त्याच वळणावर गेल्या. तमिळ देशांत हाच शब्द 'काणियाट्चि' या देशी हक्कास चिकटला. त्यावर एलिसनें १८१८ सालीं सरकारच्या सतरा प्रश्नांस उत्तरें लिहिलीं. तेथें चिठी परकी आणि हक्क देशी हें उघड दिसतें. येथें चिठी आपल्या भाषेंत मुरली, म्हणून तें दिसेनासें झालें.

मग हा पुढें पाहणारा अर्थ आला कोठून? हें लिहितों तें कुंभारीहून, सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील गांवाहून. याच्या पूर्वेस कल्याण, म्हणजे आजचें बसवकल्याण. तेथें सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यांत (१०७६–११२६) विज्ञानेश्वरानें मिताक्षरा रचली. तिच्या मतें अप्रतिबंध दायांत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, बापाच्या मरणाची वाट पाहत नाहीं. जीमूतवाहनाचें बंगाली मत याच्या उलट. ज्या मुलखांत शतकानुशतकें 'दाय' असा समजला गेला, तेथें 'मीरास' शब्द येतांच त्यानेंही तोंड फिरविलें असावें. हें अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण मूळ अरबी अर्थापेक्षां कागदांशीं तें अधिक जुळतें.

मिरासदार व उपरी हा भेद पुढें कायद्यांत उरला नाहीं. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें कबजेदाराचा हक्क वंशपरंपरागत व हस्तांतरणीय ठरविला, आणि शब्द आडनांवापुरता राहिला. परंतु वस्तु उरली आहे. याच कुंभारीच्या माळावर २००६ सालीं विडी कामगार स्त्रियांचीं दहा हजार घरें गोदूताई परुळेकरांच्या नांवानें उभीं राहिलीं, आणि २०२४ च्या जानेवारींत रे नगरांतील पंधरा हजार घरें कामगारांच्या हवालीं झालीं. त्यांतलें एकही वडिलोपार्जित नाहीं. जुन्या कारकुनानें त्यांच्या कागदावर 'मिरास' लिहिलें असतें, तर तें चुकलें नसतें.

संग्राहकांस विनंति अशी कीं, मिरासपत्रांत मागील पिढ्या दिसत नाहींत एवढ्यावरून तो कागद बनावट म्हणून बाजूस टाकूं नये. शिक्के, निशाण्या, साक्षी व तिथि हीं नेहमींप्रमाणें तपासावींत. नक्कल करतांना जागा वांचविण्यासाठीं शेवटचीं ठराविक वाक्यें 'वगैरे' म्हणून गाळण्याची चाल पडली आहे, तीही सोडावी.