‘माइनक्राफ्ट’मधील बाण : नव्या प्रकारांच्या रचनेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

संगणकीय खेळांची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा करमणूक, व्यसन आणि बालमानस या अंगांनी होते. खेळाच्या अंतर्गत रचनेकडे, म्हणजे त्यातील वस्तू, त्यांचे मूल्य व त्यांचे परस्परसंबंध यांकडे, समीक्षेचा विषय म्हणून क्वचितच पाहिले जाते. मार्कुस पेरसोन या स्वीडिश रचनाकाराने निर्मिलेला ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ २००९ मध्ये प्रथम लोकांसमोर आला व नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. खणणे, गोळा करणे, घडवणे आणि तगून राहणे या चार क्रियांवर तो उभा आहे. या खेळात बाणांचे नवे प्रकार असावेत, अशी सूचना खेळाडूंकडून वारंवार होत असते. स्फोटक बाण, मशालीचा बाण, दोराचा बाण अशा कल्पनांना तोटा नाही. मात्र नवा बाण खेळात काय भर घालतो, हा प्रश्न त्या उत्साहात मागे पडतो.

मूळ बाणाची कृती :

एक गारगोटी, एक काठी व एक पीस उभ्या ओळीत मांडले की चार बाण तयार होतात. गारगोटीसाठी खडी उपसावी लागते आणि साध्या फावड्याने ती सुमारे दहा वेळांतून एकदाच हाती येते. काठीसाठी झाड तोडावे लागते, पिसासाठी कोंबडी मारावी किंवा पाळावी लागते. भूमी, वनस्पती व प्राणी असे सृष्टीचे तीन स्तर एका क्षुल्लक वस्तूत एकत्र येतात. शिवाय वर फाळ, मध्ये दांडी आणि खाली पीस ही मांडणी प्रत्यक्ष बाणाच्या आकृतीसारखीच असते. कृती पाठ करावी लागत नाही, ती पाहताक्षणी पटते. नव्या बाणाच्या कोणत्याही कल्पनेला लावावयाची पहिली कसोटी हीच होय.

प्रचलित विशेष बाण :

२०१६ मधील १.९ या आवृत्तीत दोन विशेष प्रकार दाखल झाले. पहिला ‘स्पेक्ट्रल’ बाण, जो खेळाच्या केवळ जावा आवृत्तीत आढळतो. एका बाणाभोवती ‘ग्लोस्टोन’ची चार चिमूट भुकटी मांडली असता असे दोन बाण मिळतात, व ज्याला तो लागेल त्याची आकृती दहा सेकंद भिंतीआडूनही उजळलेली दिसते. हा बाण अधिक इजा करत नाही, अधिक माहिती देतो. म्हणूनच तो उपलब्ध प्रकारांत सर्वांत विचारपूर्वक रचलेला वाटतो. प्रकाशमान द्रव्यापासून प्रकट करणारा बाण व्हावा, यात कार्यकारणाची सुसंगतीही आहे.

दुसरा प्रकार रसायनात बुडवलेल्या बाणांचा. जावा आवृत्तीत रेंगाळणाऱ्या रसायनाच्या एका कुपीभोवती आठ बाण मांडल्यास तितकेच विशेष बाण मिळतात. परंतु त्या रसायनासाठी ड्रॅगनचा श्वास बाटलीत भरून आणावा लागतो. म्हणजे ज्या टप्प्यावर विषाच्या वा मंदगतीच्या बाणाची खरी गरज असते, तो टप्पा ओलांडून गेल्यावरच ते घडवता येतात. त्यातच परिणामाचा काळ मूळ रसायनाच्या एक-अष्टमांश. पंचेचाळीस सेकंदांचे विष बाणावर पाचच सेकंद टिकते. श्रम व फळ यांचे प्रमाण येथे उघडच बिघडले आहे.

याहून बोलके उदाहरण पाण्याच्या बाणाचे आहे. प्रत्येक रसायनाचा बाण आपोआप सिद्ध होत असल्याने साध्या पाण्याचाही एक बाण तयार होतो, आणि त्याचा काहीही परिणाम होत नाही. तो आग विझवत नाही. वारुणास्त्राने आग्नेयास्त्र शमते, ही कल्पना ज्या वाचकांना परंपरेने परिचित आहे त्यांना ही रिकामी जागा विशेष खटकेल. सारणीतील चौकट भरली, पण वस्तू घडली नाही.

या सर्वांवर ‘इन्फिनिटी’ या संस्काराची छाया आहे. तो धनुष्यावर असल्यास एक साधा बाण कधीच संपत नाही. विशेष बाण मात्र खर्च होतातच. फुकट व अखंड पुरवठ्यापुढे महाग व मोजका बाण टिकायचा असेल, तर त्याने साध्या बाणाला अशक्य असलेले काहीतरी करून दाखवले पाहिजे. इजेचे दोन-चार अंक वाढवून हे साधत नाही.

नव्या कल्पनांची तपासणी :

स्फोटक बाणाची मागणी सर्वाधिक लोकप्रिय व बहुधा सर्वांत दुबळी आहे. २०१९ मध्ये आलेल्या ‘क्रॉसबो’तून शोभेचा अग्निबाण सोडता येतो, आणि त्याचा स्फोट प्राण्यांना इजा करतो पण बांधकाम पाडत नाही. बांधकाम पाडणारा बाण दिला, तर शेजाऱ्याचे घर दुरून उद्ध्वस्त करण्याचे साधन प्रत्येकाच्या हाती येते आणि क्रीपर या प्राण्याचे भयही ओसरते.

मशालीच्या बाणाची गोष्ट वेगळी. अंधाऱ्या गुहेत दूरच्या कड्यावर उजेड पाडणे हे साध्या बाणाला न जमणारे काम आहे. त्याची कृतीही सहज सुचते : फाळाच्या जागी मशाल. या खेळात मशाल छताला लावता येत नाही. म्हणून छताला लागलेला असा बाण मशालीसह खाली पडावा, हा नियम सृष्टीच्या विद्यमान नियमांतून आपोआप निघतो. जो नियम नव्याने शिकवावा लागत नाही, तो चांगला. ‘टेरारिया’ (२०११) या खेळात लाकडी बाण व मशाल यांपासून पेटता बाण फार लवकर घडवता येतो, आणि गळून पडलेल्या ताऱ्यापासून अनेक शत्रूंना भेदत सरळ जाणारा बाण मिळतो. तेथे बाणांचा भेद उड्डाणाच्या मार्गातही आहे. ‘माइनक्राफ्ट’मध्ये तो केवळ लागल्यानंतरच्या परिणामात राहिला. मार्गाचा हा विचार पिसाच्या जागी दुसरे द्रव्य वापरून सहज करता आला असता.

त्यासाठी जागाही राखलेली आहे. २०१९ मधील १.१४ या आवृत्तीत बाण घडवण्याचे मेज आले. गावकऱ्याला बाणकाराचा व्यवसाय त्यामुळे मिळतो. खेळाडूला मात्र त्यावर काहीही घडवता येत नाही, म्हणून ते प्रायः घराच्या सजावटीत दिसते. फाळ, दांडी व पीस स्वतंत्रपणे निवडण्याची सोय या मेजावर करणे ही स्वाभाविक वाट ठरेल. पण तिच्यातही एक अडचण आहे आणि ती कल्पकतेची नाही. खेळाडूजवळ सामानाचे छत्तीसच मुख्य कप्पे असतात व प्रत्येक प्रकारच्या बाणाला वेगळा कप्पा लागतो. धनुष्य आधी दुसऱ्या हातातील बाण घेते, तेथे नसल्यास कप्प्यांच्या क्रमाने जो प्रथम सापडेल तो. भात्यातून हवा तो बाण निवडण्याची सोय नाही. सहा प्रकार जवळ बाळगणाऱ्याला ऐन झटापटीत सामानाची खिडकी उघडून बाणांची अदलाबदल करावी लागते, आणि तोवर सांगाड्याचे दोन बाण त्याला लागलेले असतात. मशालीचा असो वा पाण्याचा, नव्या बाणाच्या आधी भात्याची रचना करावी लागेल.