शरीर वस्तुमान निर्देशांक : उपयुक्तता आणि मर्यादा – एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जी संख्या मिळते, तिला शरीर वस्तुमान निर्देशांक अर्थात बीएमआय असे म्हणतात. आरोग्य तपासणी शिबिरांपासून विम्याच्या अर्जापर्यंत ही संख्या सर्वत्र रूढ झाली आहे. तथापि समूहाच्या अभ्यासातून जन्मलेले हे मोजमाप व्यक्तीच्या आरोग्याचा निवाडा करण्यास कितपत पुरेसे आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

उगम :
बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात, प्रौढांचे वजन स्थूलमानाने उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, असे दाखविले. ‘सरासरी मानव’ हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता, लठ्ठपणा नव्हे. अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये या गुणोत्तरास आजचे नाव दिले. त्यांचा अभ्यास पाच देशांतील सुमारे ७,४०० पुरुषांवर आधारलेला होता. त्यात स्त्रियांचा समावेश नव्हता, ही बाब लक्षणीय आहे.

उपयुक्तता :
या निर्देशांकाचे खरे सामर्थ्य त्याच्या साधेपणात आहे. वजनकाटा आणि उंचीमापक एवढ्या साधनांवर खेड्यापाड्यांतही तो काढता येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील १८.७ टक्के स्त्रियांचा निर्देशांक १८.५ पेक्षा कमी, तर २४ टक्के स्त्रियांचा २५ किंवा त्याहून अधिक आढळला. कुपोषण व अतिपोषण एकाच समाजात शेजारी नांदत असल्याचे हे चित्र अशा सोप्या मोजमापाविना इतक्या व्यापक प्रमाणावर मिळाले नसते.

मर्यादा :
हा निर्देशांक मेद आणि स्नायू यांत भेद करीत नाही. मेद शरीरात कोठे साठला आहे, हेही सांगत नाही. त्यामुळे पिळदार शरीराचा कुस्तीगीर ‘लठ्ठ’ ठरू शकतो, तर वयोमानाने स्नायू झिजलेली व्यक्ती ‘सामान्य’ ठरते. भारतीयांच्या बाबतीत ही दुसरी चूक अधिक घातक होय. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के, तर डॉ. युडकिन यांच्यात अवघे ९.१ टक्के होते. पुणे परिसरातील खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात हेच वैशिष्ट्य नवजात बालकांतही दिसले. इंग्लंडमधील बालकांच्या तुलनेत ती वजनाने लक्षणीय कमी होती; त्यांच्या त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून होता.

सीमारेषांचा प्रश्नही येथेच उद्भवतो. १.६५ मीटर उंचीच्या, ६५ किलो वजनाच्या व्यक्तीचा निर्देशांक सुमारे २३.९ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गवारीनुसार (२५ ची मर्यादा) तिचे वजन योग्य. परंतु २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीनुसार (२३ ची मर्यादा) ते अधिक ठरते. देह तोच राहतो, निदान मात्र तक्त्यागणिक पालटते.

उपाय :
याच भारतीय सहमतीने पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची मर्यादा सुचविली आहे. त्यासाठी केवळ मोजपट्टी पुरते. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगानेही लठ्ठपणाचे निदान केवळ बीएमआयवरून न करता कमरेचा घेर अथवा मेदाचे प्रत्यक्ष मापन यांची जोड द्यावी, असे प्रतिपादन केले.

निष्कर्ष :
निर्देशांक त्याज्य नाही; त्याच्याकडून अवाजवी अपेक्षा ठेवणे त्याज्य आहे. तो चाळणी आहे, निवाडा नव्हे. महाविद्यालयीन शिबिरांत विद्यार्थ्याच्या हाती ‘सामान्य’ असा शेरा देताना त्याच्या कमरेचा घेर मोजणे आणि कुटुंबातील मधुमेहाचा इतिहास विचारणे अगत्याचे आहे. कृश देहात दडलेला धोका ज्यांच्या बाबतीत अधिक संभवतो, त्यांनाच ही संख्या खोटा दिलासा देते. म्हणून भारतीय संदर्भात तिचा वापर अधिक सावधपणे व्हावयास हवा.